थेऊरचीं नऊ कलमें

इ. स. १७७२ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मराठी राज्याचें सारें लक्ष पुण्याच्या पूर्वेस सात-आठ कोसांवर, मुळामुठेच्या कांठीं वसलेल्या थेऊर गांवाकडे लागलें होतें. श्रीमंत माधवराव पेशवे तेथें चिंतामणीच्या सन्निध शेवटच्या दुखण्यांत पडून होते. वय अवघें सत्तावीस वर्षांचें. राजयक्ष्म्यानें शरीर पोखरून काढलेलें, आणि वैद्यांचे उपाय थकलेले.

पानिपताच्या घावानंतर १७६१ सालीं हा सोळा वर्षांचा मुलगा गादीवर आला, तेव्हां तिजोरी रिती होती आणि घरांत चुलते रघुनाथराव सत्तेसाठीं टपून बसले होते. पुढील अकरा वर्षांत राक्षसभुवनावर निजामाचा पराभव झाला, हैदरावर स्वाऱ्या झाल्या, आणि १७७२ च्या आरंभीं मराठी फौजांनीं शहाआलम बादशहास दिल्लीच्या तख्तावर नेऊन बसविलें. या लढायांची हकीगत सर्वश्रुत आहे. तितकें लक्ष न वेधणारी गोष्ट अशी कीं, १७७० सालीं प्रकृति ढासळल्यामुळें कर्नाटकची मोहीम त्र्यंबकराव पेठ्यांवर सोंपवून त्यांना परत फिरावें लागलें. तेथपासून आपल्या हातीं वेळ थोडा आहे, हें ओळखूनच जणुं हा पुरुष वागला.

या वागण्याची तयारी आधींपासूनची होती. तरुणपणीं माधवरावांचा ओढा जपजाप्याकडे फार वाढला, तेव्हां रामशास्त्री प्रभुण्यांनीं त्यांना तोंडावर सुनावलें, अशी आख्यायिका आहे. ब्राह्मणधर्मच पाळावयाचा असेल तर गादी सोडून गंगातीरीं जावें. राज्य करावयाचें असेल तर रयतेचें गाऱ्हाणें ऐकणें हाच जप, असा त्या बोलण्याचा मथितार्थ. पेशव्यांनीं राग न धरतां तें मानलें. मृत्युशय्येवर पडलेल्या माणसाचें चित्त परलोकाकडे लागावें हें स्वाभाविक. परंतु ३० सप्टेंबर १७७२ रोजीं थेऊरास जीं नऊ कलमें लिहविलीं गेलीं, त्यांत इहलोकींचीच काळजी अधिक आहे.

राज्याचें कर्ज फेडावें, ही त्यांतील मोठी चिंता. मामलतींच्या इजाऱ्यापायीं रयतेस पोंचणारा उपद्रव दूर करावा, हें दुसरें सांगणें. काशी व प्रयाग हीं क्षेत्रें सोडवावीं, ही वडिलांपासूनची इच्छा त्यांत नमूद झाली. रघुनाथरावांची स्वतंत्र नेमणूक करून देण्याचाहि विचार होता. ज्या चुलत्यानें आळेगांवीं १७६२ सालीं पुतण्याला शरण यावयास लाविलें, आणि ज्याला १७६८ सालीं धोडपवर पकडून शनिवारवाड्यांत अटकेंत ठेवावें लागलें, त्याच्याविषयीं मरतांना हा विचार व्हावा, यांत उदारपणा किती आणि निरुपाय किती, हें सांगणें कठीण. दोन्ही असावेत.

कारण खरी विवंचना कलमांत मावण्यासारखी नव्हती. धाकटे बंधु नारायणराव अननुभवी होते, स्वभाव उतावळा. माधवरावांनीं रघुनाथरावांस थेऊरास बोलावून घेतलें आणि नारायणरावांचा हात त्यांच्या हातीं दिला. भावास त्यांनीं सखारामबापू, नाना फडणीस यांसारख्या जाणत्यांच्या सल्ल्यानें चालावें, असें बजाविलें. याहून अधिक करणें त्या क्षीण देहास शक्य नव्हतें. चुलत्याला बंदींत ठेवूनच मरावयास हवें होतें, असें मागाहून म्हणणारे पुष्कळ निघाले. पण बंदिवान चुलता मागें ठेवणें तरी कितपत सुरक्षित ठरलें असतें?

१८ नोव्हेंबर १७७२, कार्तिक वद्य अष्टमीस सकाळीं माधवराव निवर्तले. पत्नी रमाबाई सहगमन करून गेल्या.

काशी-प्रयागाचें कलम तसेंच राहिलें. दुसऱ्याच वर्षीं, १७७३ सालीं, इंग्रजांनीं कोरा व अलाहाबाद हे प्रांत पन्नास लाख रुपयांस अयोध्येच्या नबाबास विकले; १७७५ सालीं काशी कंपनीच्या ताब्यांत गेली. थेऊरास हातीं दिलेला हात तर वर्षभरहि टिकला नाहीं. पुरते दहा महिने लोटण्याच्या आंतच, ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, शनिवारवाड्यांत गारद्यांनीं नारायणरावांचा वध केला. रामशास्त्र्यांनीं चौकशी करून रघुनाथरावांवर दोष ठेविला, आणि ते पुणें सोडून वाईजवळच्या एका खेड्यांत जाऊन राहिले.