टक्कल, गहू आणि शिवाशिव

डिसेंबर 2024 च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात, बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस मुठीमुठीने गळू लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. माध्यमांनी 'टक्कल व्हायरस' असं बारसंही करून टाकलं. पुढे 18 गावांतले 279 लोक बाधित झाल्याचं समोर आलं. त्यात कॉलेजची मुलं-मुली बरीच होती. कुणाचं शिक्षण थांबलं, कुणाचं ठरत आलेलं लग्न मोडलं.

व्हायरसचा पुरावा नव्हता. पण शिवाशिवीला पुरावा कधी लागलाय? 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, तेव्हा सनातन्यांनी पंचगव्याच्या 108 घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं. न्यायालयातला शेवटचा निकाल यायला 1937 उजाडलं. आपल्याकडे आजार शोधण्याआधी आजारी माणूस दूर लोटला जातो. उलट उदाहरण सावित्रीमाईंचं: 1897 च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातलं मूल पाठीवर घेऊन त्या यशवंतच्या दवाखान्यात गेल्या आणि त्यातच त्यांचा अंत झाला.

शेगावात पहिला संशय पाण्यावर गेला. खारपाण पट्ट्याचं पाणी वाईट आहेच, मूत्रपिंडाचं दुखणं इथं जुनं आहे. पण ते पाणी लोक पिढ्यान्‌पिढ्या पितात. मग केस याच डिसेंबरात का गळाले? हा प्रश्न धरून विंचूदंशावरच्या कामासाठी प्रसिद्ध असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर गावांत आले, तेही त्याच महाडहून. त्यांनी रक्त, लघवी, केस तपासले आणि घराघरातला गहूही तपासला. रेशनच्या गव्हात स्थानिक गव्हाच्या 600 पट सेलेनियम असल्याचं त्यांनी मांडलं. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला, असं त्यांचं म्हणणं. पंजाबात होशियारपूर-नवांशहर भागातल्या काही जमिनीत सेलेनियम जास्त असतं, हे शास्त्रज्ञांना आधीपासून माहीत आहे.

म्हणजे दोष गावकऱ्याच्या अंगात किंवा त्याच्या अस्वच्छतेत नव्हता. तो सरकारमान्य पोत्यातून आला, आणि ज्याच्या घरी स्वतःचा गहू पिकत नाही त्याच्या ताटात आधी पडला. भूमिहीन कोण, हे आम्ही वेगळं सांगायला नको. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी 5 किलो धान्याचा हक्क दिला. घटनेचं कलम 47 पोषण आणि सार्वजनिक आरोग्य हे राज्याचं कर्तव्य मानतं. किलो मोजायला दुकानात काटा आहे. विष मोजायला तालुक्यात काय आहे?

रेशन बंद करा, असं आम्ही म्हणत नाही. ती मागणी उपाशी मारणारी आहे. धान्य तपासून द्या आणि तपासणीचा कागद दुकानाच्या फळ्यावर लावा, ही आमची मागणी. जळगाव जामोद, संग्रामपूरच्या मध्य प्रदेश सीमेवरच्या आदिवासी पाड्यांपर्यंत ती गेली पाहिजे. तोवर कार्यकर्त्यांनी एक करावं: दर महिन्याच्या गव्हातली दोन मुठी बरणीत ठेवून वर तारीख आणि दुकान लिहावं. उद्या कुणाचे केस गळाले, नखं गळाली, तर तपासायला धान्य हाताशी असेल.