वारा, खर्च आणि आपटण्याचा हिशोब

संक्रांतीला धुळ्याला ताईकडे गेलो होतो. भाच्याने वर्षभर पैसे साठवून रिमोटवर उडणारं विमान घेतलंय. सहा हजारांचं. उत्साहात मैदानावर पोचलो तर हा वारा! पतंगवाले खूष, आम्ही गप्प. शेवटी भाचा म्हणाला, "मामा, उडवू का?" ताईने निघतानाच बजावलेलं होतं, पडलं तर दुसरं मिळणार नाही.

साधा प्रश्न आहे, पण सव्वाशे वर्षांपूर्वी मोठमोठी माणसं याच प्रश्नाशी झगडत होती.

पहिले सॅम्युअल लँगली. स्मिथसोनियनचे प्रमुख, नावाजलेले शास्त्रज्ञ. ६ मे १८९६ ला त्यांचं वाफेवर चालणारं मॉडेल पोटोमॅक नदीवर जवळजवळ एक किलोमीटर उडालं. मग अमेरिकन सरकारने माणूस नेणाऱ्या विमानासाठी ५०,००० डॉलर दिले. १९०३ साली ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर, असं दोनदा ते विमान तराफ्यावरून सोडलं आणि दोन्ही वेळा थेट नदीत! चालवणारा वाचला, पण त्याला हवेतला सराव असा नव्हताच. आमच्या भाषेत, टेस्टिंग न करता डायरेक्ट प्रॉडक्शनवर.

दुसरे राइट बंधू, सायकल दुकानवाले. १८९६ मध्ये जर्मनीत ऑटो लिलिएंथाल सुमारे २,००० वेळा तरंगून शेवटी ग्लायडर कोसळून गेला. राइट बंधूंनी त्यातून धडा घेतला, की आधी वाऱ्यात तोल सांभाळायला शिका, इंजिनाचं नंतर बघू. मग त्यांनी हवामान खात्याचे आकडे मागवले आणि मुद्दाम वाऱ्याची जागा निवडली. किटी हॉकला वारा भरपूर आणि खाली मऊ वाळू, म्हणजे पडलं तरी मोडतोड कमी. १९०० सालचं ग्लायडर साधारण १५ डॉलरचं. ते बहुतेक वेळा दोरी लावून चक्क पतंगासारखं उडवलं. १९०१ मध्ये गणित चुकतंय म्हटल्यावर दुकानात लाकडी बोगदा करून त्यात पंखांचे २०० च्या आसपास छोटे नमुने तपासले. १९०३ पर्यंतचा सगळा खर्च १,००० डॉलरच्या आत.

गंमत पुढेच आहे. १७ डिसेंबर १९०३ ला चार उड्डाणं झाली, आणि नंतर जमिनीवर उभं असलेलं विमान वाऱ्याने उलटवलं. ते परत कधीच उडालं नाही. पण शिकलेलं मोडलं नव्हतं. १९०४ मध्ये नवीन विमान तयार!

वाऱ्याला एवढं का भ्यायचं? विमानाला मिळणारी उचल समोरून येणाऱ्या हवेच्या वेगाच्या वर्गावर ठरते. भाच्याचं मॉडेल सेकंदाला १० मीटरने जातंय आणि समोरचा वारा अचानक ३ मीटरने पडला, तर उरले ७. म्हणजे १०० च्या जागी ४९, उचल निम्मी! ५० मीटरने जाणाऱ्या मोठ्या विमानाची उचल तेवढ्याच फरकाने जेमतेम १२ टक्के घटते. छोट्याला वारा जास्त छळतो.

आणि आपटणं परवडणारच नसेल तर? त्याचंही उदाहरण धुळ्यातच आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर, घरची पुंजी ओतून विमान बनवलं. २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०२० मध्ये चाचणीची उड्डाणं धुळ्याच्या धावपट्टीवर. तिथे दुसरं विमान शिल्लक नव्हतं. अशा वेळी घाई न करता टप्प्याटप्प्यानेच जायचं.

म्हणजे "वारा किती आहे" एवढंच विचारून भागत नाही. "पडलं तर किती जाईल, आणि परत उभं करता येईल का" हेही विचारायला हवं.

आम्ही सहा हजारांचं विमान डिकीत ठेवलं. चौकातून तीस रुपयांचं थर्माकोलचं ग्लायडर आणलं आणि तासभर फेकत बसलो. सात वेळा नाक मोडलं, सात वेळा टेप लावली. आठव्यांदा वाऱ्याच्या तोंडावर फेकल्यावर ते छान तरंगत गेलं.

संध्याकाळी वारा पडला. भाच्याने न विचारताच डिकी उघडली.