चिचुंद्री आणि तिची पिटुकली बहीण

चिचुंद्री : निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत किंवा बेळगावच्या जुन्या कौलारू घरात रात्री भिंतीच्या कडेकडेने ‘चिक्‌चिक्‌’ करत पळणारा हा प्राणी उंदीर नव्हे. कन्नडमधल्या ‘सुंडिली’ या नावातही ‘इली’ म्हणजे उंदीरच दडलेला आहे, त्यामुळे महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या दोन्ही भाषांत गैरसमज सारखाच. चिचुंद्री कुरतडत नाही. तिचे मुख्य खाणे झुरळे, किडे, गांडुळे. म्हणूनच उंदीर समजून तिला मारणे हा निव्वळ अन्याय आहे. लांब नाक खालच्या ओठाच्या पुढे आलेले, डोळे मोहरीएवढे, शेपूट बुडाशी जाड आणि तिच्यावर विरळ लांब केस. कुशीतल्या ग्रंथींमुळे कस्तुरीसारखा उग्र वास येतो. पिल्ले एकमेकांच्या शेपटीचे बूड तोंडात धरून आईमागे रांगेने चालतात.

लिनियसने 1766 मध्ये नाव दिलेल्या या ‘सुंकस म्युरिनस’च्याच प्रजातीसमूहातली ‘सुंकस एट्रुस्कस’ (सावी, 1822) भारतातही आढळते. घरची चिचुंद्री साधारण 30 ते 100 ग्रॅम भरते; ही जेमतेम 2 ग्रॅमची, शेपूट वगळता सुमारे 4 सेंटिमीटर. वजनाने जगातला सर्वांत लहान सस्तन प्राणी तो हाच. पाण्यात पोहून शिकार करणारी पाणचिचुंद्री मात्र हिमालयातल्या ओढ्यांची. निपाणी-बेळगाव भागात ती नाही.