जुन्नरचे यवन

डेल्फीचे नाव आपण ऐकलेले असते. पार्नासस डोंगराच्या उतारावरचे गाव, अपोलोचे देऊळ, खाली किरा बंदर. आता पिंपळवंडीत बसून ग्रीसच्या गोष्टी कशाला, असे कुणी म्हणेल. पण ग्रीक माणूस आपल्याच तालुक्यात येऊन गेला आहे, आणि नाव कोरून गेला आहे!

डेल्फीत देव डोंगरात नि बंदर खाली. जुन्नरला शहर खाली, कुकडीच्या खोऱ्यात; भिक्खू मात्र लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी अशा भोवतीच्या डोंगरांत. बंदर घाटाखाली, कल्याणला. कोकणातला माल नाणेघाट चढून यायचा. घाटमाथ्यावर नागनिकेचा लेख आहे, जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजणही आहे. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्याच माणसाच्या दानातून झाले. धान्यवाले, कासार, बुरूड यांच्या श्रेणी इथल्या लेखांत भेटतात. व्यापार नसता तर ही लेणी झाली नसती, असे आम्हांला स्पष्ट दिसते.

या गर्दीतच तीन यवन आहेत. शिवनेरीच्या लेण्यांत इरिल म्हणून एकाने ‘बे पोढियो’ दिल्या. पोढी म्हणजे पाण्याचे टाके, आणि हा ‘बे’ आपल्या पाढ्यातलाच, बे एके बे मधला. चिट याने भिक्खूंसाठी भोजनमंडप दिला. मानमोडीला चंदाचे दान आहे, ‘गभदार’, म्हणजे गर्भद्वार. पहिले दोघे ‘गत’ यांपैकी; हे गावाचे नाव की टोळीचे, यावर पंडितांची भांडणे मिटलेली नाहीत. चालू द्यात.

आमचे कुतूहल निराळे आहे. अफगाणिस्तानात ऐ-खानुम नावाच्या ग्रीक नगरात डेल्फीची वचने दगडावर कोरलेली सापडली. क्लेआर्खस नावाच्या माणसाने ती डेल्फीहून मुद्दाम उतरवून नेली होती. म्हणजे एवढ्या दूर जाऊनही त्या लोकांनी आपली भाषा, आपला देव, आपले शहाणपण सोडले नाही. जुन्नरच्या यवनांनी काय केले? ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, दान बौद्ध संघाला. चंद हे नाव तर आजही आपल्या कानाला परके वाटत नाही. ग्रीकपणाची एकच खूण उरली, ‘यवन’ हा शब्द. तोही त्यांनी लपवला नाही, नावाच्या आधी लावला. आपण कोण, हे सांगायची लाज नव्हती आणि दुसऱ्याच्या धर्माला पाणी द्यायला अडचण नव्हती. पुढे आपण ‘यवन’ हा शब्द शत्रूला लावू लागलो, म्हणून हे ऐकताना थोडे अडखळायला होते.

ही माणसे थेट ग्रीसहून आली, की पिढ्यान्‌पिढ्या इथलीच झालेली होती? नावे पाहता आमचा कल दुसऱ्या बाजूला आहे. कार्ल्याच्या खांबांवरही धेनुकाकटचे यवन दाते आहेत, म्हणजे हे एकटेदुकटे नव्हेत.

शिवनेरीवर लोक शिवजन्मस्थान पाहायला सात दरवाज्यांच्या वाटेने चढतात, ते योग्यच. त्याच डोंगराच्या कड्यात इरिलचा लेख आहे. पुढच्या खेपेला तिकडेही वळा. आणि कोळशाने, खडूने आपले नाव लिहायचा मोह तेवढा आवरा.