खंड्याची समाधी आणि मिठाचा खड्डा

साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर माहुली आहे. आम्ही तेथे प्रथम गेलो ते विश्वेश्वराचे देऊळ आणि घाट पाहण्यासाठी. नदीकाठी छत्रपती शाहूंची समाधी आहे हे ठाऊक होते. त्यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचीही समाधी लोक दाखवतात, हे मात्र तेथे गेल्यावर कळले. शिकारीत वाघ अंगावर आला असता या कुत्र्याने महाराजांचा जीव वाचवला, असे सांगतात. ही केवळ गावकथा नाही. ग्रँट डफने 1826 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात या कुत्र्याची नोंद केली आहे: त्याच्या नावे जहागिरीची सनद होती, त्याला पालखीचा मान होता, आणि एका प्रसंगी तर महाराजांनी त्याला भरजरी वस्त्रे व दागिने घालून आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. डफला ही सारी राजाची लहर वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. ज्याचे बालपण आणि तारुण्य मोगलांच्या छावणीत कैदेत गेले, ज्याच्या नावाने चालणारा कारभार पुढे पेशव्यांच्या हाती गेला, त्या माणसाने निष्ठेची किंमत कोणत्या दरबाऱ्यापेक्षा कुत्र्यात अधिक पाहिली असेल, तर त्यात वेडसरपणा कोणता?

(रायगडावरच्या वाघ्याच्या समाधीचा वाद येथे मुद्दाम बाजूला ठेवतो. ती समाधी हटवावी अशी मागणी 2025 साली पुन्हा झाली आणि बरेच रान पेटले. समकालीन पुराव्याचा प्रश्न तेथे खरा आहे. पण आमचा विषय पुराव्याचा नाही, इच्छेचा आहे.)

शाहू महाराज 15 डिसेंबर 1749 रोजी गेले. त्याच दशकात, येथून हजारो कोस दूर, प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक आपल्या स्वतःच्या थडग्याची तजवीज करत होता. पॉट्सडामच्या टेकडीवर सांसुसी नावाचा महाल त्याने बांधला. पण महालाच्या पायाचा दगड बसण्याआधीच, 1744 साली, तेथल्या गच्चीवजा ओट्यावर त्याने आपल्यासाठी भुयारी थडगे करून घेतले होते. मृत्युपत्रांत त्याने पुन्हा पुन्हा बजावले की, मला तत्त्वज्ञासारखे, थाटमाटाशिवाय, रात्रीच्या वेळी कंदिलाच्या उजेडात तेथे पुरावे. शेजारी कोण? त्याची इटालियन ग्रेहाउंड कुत्री. एकेक कुत्रे मेले की त्याच ओट्यावर त्याला पुरायचे आणि वर नाव कोरलेली सपाट शिळा बसवायची, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. अशा अकरा शिळा तेथे आहेत. बिश नावाची त्याची एक कुत्री 1745 च्या झूरच्या लढाईत शत्रूच्या हाती सापडली होती आणि नंतर परत मिळाली. पुढे तीही तेथेच विसावली.

फ्रेडरिक 17 ऑगस्ट 1786 रोजी मरण पावला. कुत्र्यांच्या बाबतीत त्याचा शब्द अक्षरशः पाळला गेला होता, कारण तो शब्द पाळून घेणारा स्वतः तो होता. त्याच्या स्वतःच्या बाबतीत काय झाले? गादीवर आलेल्या पुतण्याला राजाने कुत्र्यांशेजारी निजणे शोभादायक वाटले नाही. त्याने काकांना पॉट्सडामच्या गॅरिसन चर्चमध्ये, त्यांच्या वडिलांच्या बाजूला ठेवले. हा बाप कोण, हे ज्यांना माहीत आहे त्यांच्या अंगावर काटाच यावा. तरुण फ्रेडरिकने जाचाला कंटाळून पळून जाण्याचा प्रयत्न केला तेव्हा, 1730 साली, त्याचा जिवलग मित्र काटे याचा शिरच्छेद त्याला पाहायला लावणारा तो हाच बाप. आयुष्यभर ज्याच्या सावलीतून सुटण्याची धडपड केली, त्याच्याच कुशीला मरणोत्तर नेऊन निजवले, आणि तेही मोठ्या आदराने!

पुढची हकिकत तर कादंबरीत घातली असती तर आम्हीच अतिशयोक्त म्हणून शेरा मारला असता. दुसऱ्या महायुद्धात, 1943 साली, बाँबच्या भीतीने बापलेकांच्या शवपेट्या चर्चमधून हलवल्या. 1945 मध्ये त्या थुरिंगियातील बेर्नटेरोडच्या मिठाच्या खाणीत दडवल्या गेल्या. तेथे त्या अमेरिकन सैनिकांना सापडल्या, मग मारबुर्ग, मग 1952 मध्ये दक्षिणेकडचा होहेनत्सोलर्न किल्ला. जर्मनी एक झाल्यावर, 17 ऑगस्ट 1991 रोजी, म्हणजे मृत्यूनंतर बरोबर 205 वर्षांनी, फ्रेडरिक सांसुसीच्या ओट्यावर आपल्या कुत्र्यांपाशी पोचला. वेळ मध्यरात्रीची होती, एवढे त्याचे म्हणणे राहिले. पण चान्सलर हेल्मुट कोल उपस्थित, लष्करी अधिकाऱ्यांचा मानाचा पहारा, आणि भोवती वाद. थाटमाट नको, ही अट दोनशे वर्षांनीही कोणाला पाळता आली नाही. आज त्या साध्या शिळेवर येणारेजाणारे बटाटे ठेवतात. बटाट्याची लागवड त्याने नेटाने पसरवली म्हणून. हे बटाटे त्याला आवडले असते असा आमचा अंदाज आहे.

इंग्रज कवी बायरनचीही गत निराळी नाही. त्याचा बोट्सवेन हा कुत्रा 1808 साली पिसाळून मेला. बायरनने आपल्या न्यूस्टेडच्या वडिलोपार्जित वाड्यात त्याचे स्मारक उभारले, आणि 1811 च्या मृत्युपत्रात आपल्यालाही त्याच तळघरात पुरावे असे लिहिले. पुढे कर्जापायी वाडाच विकावा लागला. 1824 साली ग्रीसमध्ये बायरन वारला, तो निजला हकनलच्या चर्चमध्ये, आपल्या घराण्याच्या मंडळींत. कुत्रा एकटाच राहिला.

या साऱ्यांत एक गोष्ट आम्हांला खुपत राहते. जनावराला इच्छा बोलून दाखवता येत नाही, म्हणून त्याच्या देहाचे आपण जे ठरवू ते तडीस जाते. माणूस इच्छा बोलतो, लिहितो, नोंदवतो. आणि त्याच्या देहाचे मात्र दुसरेच ठरवतात.

पुण्यात गंज पेठेतल्या ज्या घराला आज फुलेवाडा म्हणतात, तेथे हे अगदी जवळून दिसते. महात्मा फुल्यांची इच्छा दहनाची नव्हती. आपल्या देहाला मिठात घालून पुरावे, अशी होती. त्यासाठी घराच्या आवारातच त्यांनी हयातीत खड्डा तयार करून घेतला होता. आजच्या वाचकाला हे विचित्र वाटेल, पण मीठ घालून पुरण्याची रीत आपल्याकडे अनेक समाजांत होती आणि आहे. मूठमाती हा शब्द भाषेत उगाच आलेला नाही. आमच्या खेड्यांतून प्रेत जाळायचे असले तरी लोक ‘मातीला’ जातात. दहनसंस्काराने व्यवहार जिंकला, बोली मात्र जिंकली नाही. शिवाय पुरोहिताविना जन्म, लग्न आणि मरण पार पाडू पाहणाऱ्या सत्यशोधकाला स्वतःच्या मरणाची रीत स्वतः ठरवावीशी वाटणे स्वाभाविकच होते.

28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीराव गेले. वस्तीत दफन करण्यास नगरपालिकेने परवानगी दिली नाही. खड्डा तसाच राहिला आणि देहाचे दहन झाले. त्याहून मोठा पेच टिटव्याचा. दत्तक पुत्र यशवंताने टिटवे धरू नये म्हणून भाऊबंद आडवे आले. कारण टिटवे धरणे म्हणजे वारसा सांगणे. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या, टिटवे हातात घेऊन प्रेतयात्रेच्या अग्रभागी चालल्या आणि त्यांनीच अग्नी दिला. नंतर अस्थी आणून त्या घराच्या आवारातच ठेवल्या गेल्या. इच्छेचा शब्द मोडला, पण तो ज्यांनी समजून घेतला होता त्यांनी त्याचा उरलेला भाग वाचवला. फ्रेडरिकला असे माणूस मिळाले नाही. (एकाच्या नशिबी मागितलेले मीठ आले नाही, दुसऱ्याला न मागता मिठाची खाण मिळाली. इतिहास असल्या कोट्या करतो, त्याला आमचा इलाज नाही.)

जवाहरलाल नेहरूंनी 1954 च्या मृत्युपत्रात आपल्यामागे कोणतेही धार्मिक विधी करू नयेत असे लिहून ठेवले होते. 1964 साली विधी झाले. रक्षा विमानातून शेतांवर विखुरण्याची इच्छा मात्र पुरी झाली. म्हणजे लोक सोयीचे तेवढे पाळतात. कायदाही मृताच्या बाजूने फारसा उभा राहत नाही. इंग्लंडमधील विल्यम्स विरुद्ध विल्यम्स या खटल्यात 1882 साली निकाल लागला, की प्रेत ही कोणाची मालमत्ता नसल्यामुळे मृत्युपत्राने त्याची विल्हेवाट लावता येत नाही. दहनाची इच्छा लिहून गेलेल्या एका गृहस्थाला घरच्यांनी पुरले. त्याच्या मैत्रिणीने ते शव उकरून मिलानला नेले, जाळले, आणि खर्च मागितला. खर्च मिळाला नाही. आपल्याकडे देहदानाला 1949 च्या मुंबई शरीररचनाशास्त्र कायद्याचा आधार आहे, पण आयत्या वेळी घरच्यांनी पाऊल उचलले नाही तर भरलेला अर्ज हा कागदच राहतो.

हे आम्ही ऐकून सांगत नाही. ज्यांनी आम्हां दोघांना एम.ए.ला शिकवले, त्या सरांनी निवृत्तीनंतर देहदानाचा अर्ज भरला होता. त्याचे कार्ड ते पाकिटात ठेवत आणि वर्गात अंत्येष्टीचा विषय निघाला की काढून दाखवत. ते गेले त्या सकाळी अंगणात भावकीतल्या वडीलधाऱ्यांची बैठक बसली. ‘देह दिला तर दहावा कशाचा घालायचा?’ असा प्रश्न आला. मुलाने एकदा आमच्याकडे पाहिले. कार्ड आम्ही दोघांनीही पाहिले होते. आम्ही बोललो नाही. अकराच्या सुमारास सरांना स्मशानात नेले, आणि आम्ही खांदाही दिला.

त्यानंतर दोन वर्षांनी आम्हांपैकी एकाच्या घरचा मोती हा कुत्रा मेला. मुंबई महापालिकेने 2023 साली मालाडला लहान प्राण्यांसाठी दहनाची सोय केली. आमच्या गावी तसले काही नाही. मोतीला परसात पुरायचे ठरले. खड्डा खणायला सोसायटीतल्या सफाईच्या माणसाला बोलावले. त्याची जात आम्ही कधी विचारली नव्हती. ठाऊक मात्र होती. मेलेले जनावर ओढण्याचे काम ज्यांच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या मारले, त्यांना 1927 साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्यास सांगितले, हे आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो. त्या दिवशी आम्ही अगरबत्ती घेऊन बाजूला उभे होतो आणि कुदळ त्याच्या हातात होती.

खड्डा कमरेइतका झाल्यावर तो वर आला आणि म्हणाला, ‘सर, खडेमीठ आणा दोन किलो. नायतर रात्री उकरतील.’ कोपऱ्यावरच्या दुकानातून मीठ आणले. चादरीत गुंडाळलेल्या मोतीवर त्याने ते नीट पसरले, शेवटचा चुरा हातावर झटकला, कुदळ भिंतीला टेकवली आणि आम्हांला पुढे बोलावले.

‘पहिली माती तुम्ही घाला. तुमचा होता.’