पाटीपासून मतपेटीपर्यंत

गुलामगिरी कायद्याने रद्द होते त्या दिवशी गुलाम मोकळा होतो. परंतु तो नागरिक होण्यास आणखी किती पिढ्या लागतात, याचा हिशेब कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी संपली. त्यानंतर दहा वर्षांनी, १० जुलै १८७५ रोजी, दक्षिण कॅरोलायनातील मेझव्हिल गावाजवळ एका कृष्णवर्णीय शेतकरी दांपत्याच्या पोटी मेरी मॅक्लाउड जन्मली. आईवडील पूर्वाश्रमीचे गुलाम. सतरा भावंडांत मेरीचा क्रमांक पंधरावा. कापूस वेचण्यात तिचे बालपण गेले.

प्रेस्बिटेरियन मिशनने त्या गावी कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा काढली. मेरी मैलोगणती पायपीट करून तेथे जाई आणि शिकलेला धडा संध्याकाळी घरातल्यांना शिकवी. पुढे डेन्व्हर येथील एका क्वेकर स्त्रीच्या देणगीमुळे तिला वरचे शिक्षण मिळाले. आफ्रिकेत जाऊन सुवार्ताप्रसार करावा, ही तिची मनीषा. त्यासाठी शिकागोच्या मूडी संस्थेत तिने अभ्यासही पूर्ण केला. परंतु मिशनच्या मंडळाने कळविले की, आफ्रिकेत कृष्णवर्णीय मिशनरीसाठी जागा नाही! ख्रिस्ताच्या नावाने चालणाऱ्या कचेरीतून असे उत्तर जावे, हे धर्मसंस्था चालविणाऱ्या आपणा सर्वांना अंतर्मुख करणारे आहे.

मेरी शिक्षिका झाली. विवाहानंतर ती बेथ्यूनबाई म्हणून ओळखली जाऊ लागली. ३ ऑक्टोबर १९०४ रोजी फ्लॉरिडातील डेटोना येथे भाड्याच्या घरात तिने मुलींची शाळा उघडली. जवळ दीड डॉलर, पटावर पाच मुली आणि सोबत स्वतःचा मुलगा. खोकी हीच बाके, जळक्या लाकडाचा कोळसा हीच लेखणी, रानफळांचा रस हीच शाई. रताळ्याचा भाजलेला गोड पदार्थ विकून बाई पैसे उभे करीत. साबणाचे कारखानदार जेम्स गॅम्बल यांच्यासारख्या श्रीमंत गोऱ्यांना त्यांनी शाळेच्या विश्वस्त मंडळावर आणले.

शाळा वाढू लागली तसा बाईंना एक धडा मिळाला. एका विद्यार्थिनीला अपेंडिक्सचा विकार जडला. गोऱ्यांच्या इस्पितळात विनवण्या करून शस्त्रक्रिया करून घेतली. परंतु मुलीला ठेवले ते मागच्या पडवीत. १९११ मध्ये बाईंनी कृष्णवर्णीयांसाठी स्वतंत्र इस्पितळ सुरू केले. वर्गात कितीही शिकविले, तरी वर्गाबाहेरचे जग मुलीला पडवीतच ठेवणार असेल तर त्या शिक्षणाचे मोल काय, हा प्रश्न त्यांच्या पुढील सर्व कार्याच्या मुळाशी आहे.

१९२० मध्ये अमेरिकन स्त्रियांना मताधिकार मिळाला. दक्षिणेत मात्र मतपट्टी आणि साक्षरतेची परीक्षा हे दोन अडसर कृष्णवर्णीयांच्या वाटेत होते. बाईंनी सायकलवरून हिंडून मतपट्टीसाठी पैसे जमविले आणि प्रौढांसाठी रात्रीचे वर्ग चालविले. त्यामुळे कू क्लक्स क्लॅनचे बुरखेधारी एका रात्री मिरवणुकीने शाळेवर चालून आले. बाई विद्यार्थिनींसह जागच्या हलल्या नाहीत. जमाव परतला आणि कृष्णवर्णीय नागरिकांनी मतदान केले. पाटीवर गिरविलेले अक्षर मतपेटीपर्यंत पोहोचले.

शाळेचे पुढे महाविद्यालय झाले. १९३५ मध्ये बाईंनी कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनांची राष्ट्रीय परिषद स्थापिली. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत राष्ट्रीय युवक प्रशासनातील कृष्णवर्णीय विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली. विद्यार्थ्यांना साहाय्य मिळवून देणे, राज्याराज्यांतील कचेऱ्यांत आपल्या समाजाचे अधिकारी नेमून घेणे, हे त्यांनी चिकाटीने केले. १९३८ मध्ये बर्मिंगहॅमच्या परिषदेत अध्यक्षस्थानी असलेल्या गोऱ्या स्त्रीने त्यांना नुसते 'मेरी' म्हणून पुकारले, तेव्हा आपल्याला 'मिसेस बेथ्यून' म्हणावे असे त्यांनी भर सभेत सांगितले. घरकाम करणाऱ्या बाईला एकेरी हाक मारणाऱ्या आपल्या घरांतही हा प्रसंग वाचला जावा.

बेथ्यूनबाई गोऱ्या धनिकांच्या देणग्यांवर विसंबल्या आणि वर्णभेदाच्या चौकटीतच काम करीत राहिल्या, असा आक्षेप घेता येईल. त्यात तथ्य आहे. देणगीदार दुखावला तर शाळा बंद पडेल आणि गप्प बसावे तर शाळेचा हेतूच बुडेल, अशा कात्रीत त्या आयुष्यभर होत्या. संस्थेचा भार वाहिलेल्या कोणालाही ही कात्री परिचयाची वाटेल. बाईंनी देणगी घेतली. परंतु तिच्या बदल्यात मताचा हक्क गहाण टाकला नाही.

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. तो निकाल पाहून, वर्षभराने, १८ मे १९५५ रोजी बेथ्यूनबाईंनी देह ठेवला. जुलै २०२२ मध्ये वॉशिंग्टनच्या संसद भवनात फ्लॉरिडा राज्यातर्फे त्यांचा संगमरवरी पुतळा उभारण्यात आला. पूर्वी फ्लॉरिडाच्या वतीने तेथे एडमंड कर्बी स्मिथ या सेनापतीचा पुतळा होता. गुलामगिरी टिकविण्यासाठी लढलेल्या दक्षिणी सैन्यातला तो सेनानी. त्याच्या जागी आता गुलामांची लेक उभी आहे.

वाचकहो, शाळा काढणे हे पुण्यकर्म आपल्या समाजाने मोठ्या निष्ठेने केले आहे. आपल्या शाळेतून बाहेर पडणारे मूल परीक्षेत किती गुण मिळविते, हे आपण दरवर्षी मोजतो. दुसऱ्याला पडवीत ठेवले जात असताना ते मूल उठून उभे राहते का, हेही मोजावयास हवे.