रविवारी रात्री साडेअकराचं विमान

आई-बाबा इथे आले की तिसऱ्या दिवशी प्रश्न येतोच: "एवढा शिस्तीचा देश, मग रात्री डोक्यावरून विमानं कशी जातात? नगरपालिका काय करते?" तुमच्याही घरी आला असेल. उत्तर जरा लांबचं आहे, आणि ते कोंबड्यांपासून सुरू होतं.

नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोजवळ कॉझबी कुटुंबाचा कोंबडीपालनाचा धंदा होता. महायुद्धात लष्करी विमानं इतकी खालून जायची की घाबरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मरत. दीडशेच्या आसपास मेल्या, धंदा बसला. १९४६ साली सुप्रीम कोर्टाने सरकारला भरपाई द्यायला लावली. निकाल लिहिला न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी. १९६२ मध्ये पिट्सबर्गच्या विमानतळाशेजारच्या एका घराचा खटला आला. तिथेही डग्लसच. भरपाई कोणी द्यायची? विमानतळाची मालक असलेल्या अ‍ॅलेघेनी काउंटीने, असं त्यांनी ठरवलं.

म्हणजे पैसे स्थानिक सरकारने मोजायचे. मग नियमही त्यालाच करू द्यावेत, असं तुम्हाला वाटेल. लॉस एंजेलिसजवळच्या बरबँक शहरालाही तसंच वाटलं. १९७० मध्ये त्यांनी रात्री अकरा ते सकाळी सात जेट विमानांच्या उड्डाणाला बंदी केली. गंमत अशी, की या बंदीत नियमित वेळापत्रकातलं एकच विमान सापडत होतं: दर रविवारी रात्री साडेअकराला सॅन डिएगोला जाणारं. या एका विमानाच्या निमित्ताने प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. १९७३ मध्ये, पाच विरुद्ध चार मतांनी, बरबँक हरलं. आकाश आणि त्यातला आवाज हा केंद्राचा विषय, गावागणिक वेगळी वेळ ठरली तर वाहतूक कोलमडेल, असा निकाल. लिहिणारे पुन्हा डग्लस!

निकालाच्या एका तळटीपेत मात्र फट राहिली. विमानतळ तेव्हा लॉकहीड कंपनीचा होता. शहर स्वतःच मालक असेल तर काय, हे कोर्टाने मोकळं सोडलं. मला हा सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद वाटतो, आणि तो बारीक टायपात आहे. १९७८ मध्ये बरबँक, ग्लेंडेल आणि पॅसाडिना या तीन शहरांच्या संयुक्त प्राधिकरणाने तो विमानतळ विकतच घेतला.

पण १९९० मध्ये काँग्रेसने कायदा करून मालकांचेही हात बांधले. तुलनेने शांत जेट विमानांवर नवं बंधन घालायचं तर विमान कंपन्यांची संमती हवी, नाहीतर केंद्रीय विमान प्रशासनाची मंजुरी. ऑरेंज काउंटीतल्या जॉन वेन विमानतळाची रात्रबंदी आधीच्या, १९८५ च्या तडजोडीतली, म्हणून टिकली. बरबँकच्या प्राधिकरणाने सक्तीच्या रात्रबंदीसाठी रीतसर अर्ज केला. २००९ मध्ये तो फेटाळला गेला. तिथे विमान कंपन्या रात्री दहा ते सकाळी सात पाळतात ती बंदी ऐच्छिक आहे.

तेव्हा नगरपालिकेच्या सभेला जाणार असाल तर विमानाच्या वेळेवर तुमची तीन मिनिटं घालवू नका. जमिनीचा वापर अजून तिच्याच हातात आहे. धावपट्टीच्या रेषेत नवी घरं, शाळा बांधायला परवानगी कोणी दिली, ते विचारा. आणि विमानतळाची मालकी कोणाची, हे आधी बघून जा.